हामागुची गोऱ्यो : पेंढ्याच्या उजेडात वाचलेलं गाव

भूकंप हा विषय लहान मुलांना शिकवताना एक अडचण नेहमी येते. नुसत्या सूचना सांगितल्या तर त्या लक्षात राहत नाहीत आणि पडलेल्या घरांची चित्रं दाखवली तर मुलं घाबरतात. अशा वेळी हामागुची गोऱ्यो यांची गोष्ट फार उपयोगी पडते.

गोऱ्यो यांचा जन्म 1820 साली जपानमधल्या हिरो या समुद्रकाठच्या गावी झाला. आज हा भाग वाकायामा प्रांतात येतो. घराण्याचा सोया सॉस बनवण्याचा व्यवसाय होता आणि तो दूर पूर्वेकडच्या चोशी गावात चालायचा. घरात पैसा होता, पण गोऱ्यो यांचं लक्ष गावाकडेही असे. 1852 साली त्यांनी सहकाऱ्यांबरोबर गावातल्या तरुणांसाठी शाळा काढली. हिरो गाव खाडीच्या टोकाशी वसलेलं असल्यामुळे तिथे त्सुनामीच्या लाटा जास्त उंच होतात. 1707 सालच्या लाटांनी हे गाव एकदा उद्ध्वस्त केलं होतं.

डिसेंबर 1854 मध्ये दोन दिवसांत दोन मोठे भूकंप झाले. पहिल्या दिवशी समुद्राचं पाणी विचित्र हलताना दिसलं, तेव्हा गावकऱ्यांनी रात्र उंचावरच्या देवळात काढली. दुसऱ्या दिवशी सगळं शांत वाटलं म्हणून लोक घरी परतले. 24 डिसेंबरला दुपार कलल्यावर त्याहून मोठा हादरा बसला आणि पाठोपाठ लाटा गावात घुसल्या. लोकांना बाहेर काढता काढता गोऱ्यो स्वतःही पाण्यात सापडले, पण कसेबसे उंचावर पोचले.

तोवर अंधार पडला होता. मागे राहिलेल्यांना देवळाची वाट दिसेना. शेतात भाताच्या पेंढ्याच्या गंज्या रचलेल्या होत्या. गोऱ्यो यांनी काही जणांना सोबत घेऊन वाटेवरच्या गंज्या एकेक करून पेटवल्या. त्या उजेडाच्या मागे मागे लोक वर आले. त्यानंतर आणखी मोठी लाट आली. काही जीव गेले, पण गावातली बहुतेक माणसं वाचली.

बरेच जण गोष्ट इथेच संपवतात. खरं तर मोठं काम यानंतर सुरू झालं. घरं गेली, होड्या गेल्या, लोक गाव सोडायच्या बेतात होते. गोऱ्यो यांनी आधी धान्याची सोय केली. मग स्वतःच्या पैशातून समुद्राकाठी मातीचा बांध घालायला घेतला. कामावर गावकऱ्यांनाच लावलं आणि मजुरी दिली, त्यामुळे लोकांना पोटासाठी गाव सोडावं लागलं नाही. सुमारे 600 मीटर लांब आणि 5 मीटर उंच बांध 1858 साली पुरा झाला. त्याच्या कडेने झाडंही लावली.

पुढे ते सरकारात टपाल खात्याचे प्रमुख झाले, वाकायामाच्या प्रांतिक सभेचे अध्यक्षही झाले. 1885 साली परदेश प्रवासात न्यूयॉर्कमध्ये त्यांचं निधन झालं. बांध किती उपयोगी ठरतो हे त्यांना बघायला मिळालं नाही. 1946 साली पुन्हा भूकंप झाला, लाटा आल्या, तेव्हा बांधामागचं बहुतेक गाव सुरक्षित राहिलं. बांधाचं संरक्षण नसलेल्या भागात मात्र माणसं दगावली.

ही गोष्ट मुलांपर्यंत पोचवली ती एका शिक्षकाने. लेखक लाफ्काडियो हर्न यांनी 1897 साली ती इंग्रजीत लिहिली होती. तिच्यात गोऱ्यो म्हातारे दाखवले आहेत आणि बाकीचे तपशीलही बरेच बदलले आहेत. वाकायामातले प्राथमिक शिक्षक नाकाई त्सुनेझो यांनी तिच्यावरून मुलांसाठी सोपा पाठ लिहिला. 1937 पासून सुमारे दहा वर्षं तो जपानच्या पाठ्यपुस्तकात होता. जपानी पंचांगाप्रमाणे ती घटना अकराव्या महिन्याच्या पाचव्या दिवशी घडली, म्हणून संयुक्त राष्ट्रांनी 2015 साली 5 नोव्हेंबर हा जागतिक त्सुनामी जागृती दिन ठरवला.

वर्गात गोष्ट सांगून झाली की लगेच सराव घ्यावा. हादरे बसत असताना पळायचं नाही. बाकाखाली शिरायचं, डोकं झाकायचं, बाकाचा पाय घट्ट धरायचा. हादरे थांबले की बाईंच्या किंवा सरांच्या मागे रांगेने मैदानात जायचं. समुद्रकाठच्या मुलांना एवढं आणखी सांगावं की मोठा हादरा बसला तर तो थांबताच थेट उंचावर जायचं, लाट बघायला थांबायचं नाही, आणि मोठे सांगेपर्यंत खाली उतरायचं नाही. घरी पालकांनी मुलांबरोबर एकदा त्या वाटेने चालून यावं. शक्य असेल तर संध्याकाळी अंधार पडल्यावरही एक फेरी मारावी, म्हणजे दिवे गेले तरी ती वाट त्यांच्या ओळखीची असेल.