राज्य कंपनीने घेतलं, पण चालीला चाल जोडायचं तंत्र मराठीत ठेवून गेलेले तंजावरचे सरफोजी राजे

गणपती महिना-दीड महिन्यावर आले की ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये संध्याकाळचा एक आवाज ठरलेला असतो. किसननगर असो, श्रीनगर असो नाहीतर लोकमान्यनगर. कुठल्यातरी गल्लीत बेंजो पार्टीची प्रॅक्टिस चालू असते.

पार्टीत नवीन आलेला पोरगा पहिली दोन-चार गाणी पटकन उचलतो. टाईपरायटरसारखी बटणं दाबायची, दुसऱ्या हाताने तारा छेडायच्या, हात बसला की काम झालं. खरी गोची होते ती पुढे. एक गाणं संपतं आणि दुसरं सुरू होतं, त्या मधल्या दोन सेकंदांत. तिथे वाजवणारा अडखळला की ताशा अडखळतो, ताशा अडखळला की नाचणारी पब्लिक थांबते आणि पब्लिक थांबली की विषय संपला.

म्हणून गाण्याला गाणं जोडावं लागतं. आणि कुठल्याही गाण्याला कुठलंही गाणं जोडलं तर ते कानाला टोचतं.

गंमत म्हणजे हीच गोची सात हजारांहून जास्त किलोमीटर लांब आयर्लंडमध्ये बँजो शिकणाऱ्या पोरांचीही होते. त्यांचा बँजो वेगळा, गोल तोंडाचा आणि चार तारांचा. ते वाजवतात रील. रील म्हणजे इन्स्टावाली रील नाही, तर आयरिश लोकांची जलद नाचाची चाल. तिचे दोन छोटे भाग असतात. ती दोन-तीन वेळा फिरवायची आणि न थांबता दुसऱ्या रीलवर उडी मारायची. अशा दोन-तीन रील्सच्या माळेला ते सेट म्हणतात. मायकेल कोलमन नावाच्या आयरिश फिडलवादकाने 1934 साली तीन रील्स एकापाठोपाठ एक रेकॉर्ड केल्या, तर आज नव्वद वर्षांनंतरही लोक त्या तिन्ही त्याच क्रमाने वाजवतात. जोडी जमली की ती अशी चिकटून बसते.

आता तुम्ही म्हणाल, यात मराठी माणसाचा काय संबंध?

तर संबंध आहे. कारण चालीला चाल कशी ओवायची, याचा मोठा पसारा दोनशे वर्षांपूर्वी एका भोसले राजाच्या नावावर मराठीत लिहिला गेलाय. हा राजा म्हणजे तंजावरचे दुसरे सरफोजी.

दहा वर्षांच्या आत दत्तक, मग नजरकैद

शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजीराजे यांनी 1670 च्या दशकात तंजावर घेतलं आणि तामिळ मुलखात भोसल्यांची गादी उभी राहिली. याच घराण्याच्या एका शाखेत 24 सप्टेंबर 1777 ला सरफोजींचा जन्म झाला.

तंजावरच्या गादीवर तेव्हा तुळजाजी राजे होते. त्यांना वारस उरला नव्हता. 1787 साली त्यांनी सरफोजींना दत्तक घेतलं आणि थोड्याच दिवसांत त्यांचं निधन झालं. पोराचं वय दहाच्या आत. तुळजाजींचे सावत्र भाऊ अमरसिंग यांनी गादीवर हक्क सांगितला. दत्तकविधान शास्त्राला धरून नाही, असा पंडितांचा कौल पुढे आला. ईस्ट इंडिया कंपनीने तो मानला आणि अमरसिंग गादीवर बसले.

सरफोजी नजरकैदेत गेले. तुळजाजींनी मरण्याआधी या पोराकडे लक्ष ठेवायला एका माणसाला सांगितलं होतं. तो होता ख्रिश्चन फ्रेडरिक श्वार्ट्झ, एक जर्मन मिशनरी. तामिळ आणि मराठी जाणणारा. पोराचे हाल होताहेत हे बघून त्याने कंपनीकडे तक्रारी केल्या आणि 1793 साली सरफोजींना मद्रासला हलवण्यात आलं. तिथे त्यांचं शिक्षण झालं. इंग्रजी आली, युरोपातलं विज्ञान आलं.

पुढे दत्तकाचा वाद पुन्हा उघडला. यावेळी निकाल सरफोजींच्या बाजूने लागला आणि 1798 साली, वयाच्या विसाव्या वर्षी, ते गादीवर बसले. श्वार्ट्झ त्याच वर्षी काही महिने आधी वारला होता. सरफोजींनी लंडनचा नामांकित शिल्पकार जॉन फ्लॅक्समन याच्याकडून त्याचं संगमरवरी स्मारक करून घेतलं. ते आजही तंजावरच्या चर्चमध्ये आहे. हिंदू राजाने मिशनरीसाठी उभारलेलं हे स्मारक, पण राजाने स्वतःचा धर्म सोडला नाही.

बाविसाव्या वर्षी राज्य गेलं

गादी मिळाली, पण फुकट नाही. 25 ऑक्टोबर 1799 च्या तहाने राज्याचा सगळा कारभार कंपनीने घेतला. राजाकडे उरला तंजावरचा किल्ला आणि आजूबाजूचा थोडा भाग. बदल्यात वर्षाला एक लाख होन आणि महसुलाचा पाचवा हिस्सा.

म्हणजे बाविसाव्या वर्षी राजाकडे पैसा होता, वेळ होता आणि करायला राज्य नव्हतं.

अशा जागी बसलेली अनेक संस्थानं पुढे ऐषारामात बुडाली. सरफोजींनी तो पैसा आणि वेळ दुसरीकडे लावला. सरस्वती महाल ग्रंथालय वाढवलं. युरोपातली साडेचार हजारांच्या आसपास पुस्तकं जमवली. धन्वंतरी महालात वैद्य आणि युरोपीय डॉक्टरी एकत्र आणली. डोळ्यांच्या रुग्णांच्या नोंदी तिथे चित्रांसकट ठेवल्या जायच्या. देवनागरी छापखाना काढला. 1803 मध्ये बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरून घेतला. 1820 मध्ये सुमारे तीन हजार माणसं बरोबर घेऊन काशीयात्रेला निघाले आणि येताना पोथ्या घेऊन आले.

पण आपला विषय आहे संगीत.

मद्रासचा बँड आणि संस्कृत शब्द

त्या काळात मद्रासच्या सेंट जॉर्ज किल्ल्यात इंग्रजांचा बँड वाजायचा. त्यात इंग्लिश, स्कॉटिश आणि आयरिश सगळ्याच चाली असायच्या, कारण कंपनीच्या फौजेत हे सगळेच होते. कर्नाटक संगीताच्या त्रिमूर्तीतले मुथुस्वामी दीक्षितर हे जवळपास सरफोजींच्याच वयाचे. त्यांनी या बँडच्या चाली ऐकल्या आणि चाळीसच्या आसपास चालींवर संस्कृत शब्द बसवले. त्यांना 'नोट्टुस्वर' म्हणतात. इंग्रजांच्या राष्ट्रगीताची चाल त्यात आहे, तशा आयरिश आणि स्कॉटिश नाचाच्या चालीही आहेत. त्यांचे भाऊ बालुस्वामी व्हायोलिन शिकले. आज कर्नाटक मैफल व्हायोलिनशिवाय होत नाही, त्याची सुरुवात या पिढीत आहे.

थोडक्यात, आयरिश चाल दक्षिणेत येऊन दोनशे वर्षं झाली.

तंजावरचा दरबारही याच वाऱ्यात होता. सरफोजींकडे युरोपीय वाद्यं होती, बँड होता. पाश्चात्य स्वरलिपीतली बाडं सरस्वती महालात आहेत. एकाच राजवाड्यात वीणा, मृदंग आणि बँड. अशा ठिकाणी प्रश्न पडणारच, की कशाला काय जोडायचं?

कोर्व्यांचे साहित्याचे जिन्नस

या प्रश्नाचं सरफोजींच्या दरबारातलं उत्तर एका मराठी ग्रंथात आहे. नाव आहे 'कोर्व्यांचे साहित्याचे जिन्नस'. तामिळमध्ये 'कोर्वै' म्हणजे ओवणं, जसा गजरा ओवतात तसं. म्हणजे नावाचा अर्थच असा, की ओवायच्या रचनांचा ऐवज.

सरफोजींच्या नावे असलेल्या या रचनांना 'निरूपण' म्हणतात. एका निरूपणात नाचाचे अठरा प्रकार एकामागोमाग एक येतात. सुरुवातीला जयजय आणि शरणु अशा वंदनाच्या रचना, मग नुसत्या बोलांवरचा नाच, मग शब्द, वर्ण, पद, पुढे तिल्लाना, असं करत करत शेवटापर्यंत.

आता यातली खरी मेख बघा.

अठरा प्रकार वेगवेगळे, पण सगळे एकाच रागात आणि एकाच तालात. शिवाय सगळ्यांतून एकच गोष्ट पुढे सरकते. 'कुमारसंभव निरूपण' असेल तर शिव-पार्वतीची कथा पहिल्या रचनेपासून शेवटच्या रचनेपर्यंत चालू राहते.

म्हणजे तीन गोष्टी स्थिर: सूर, ताल आणि कथा. बदलतो तो प्रकार. कधी नुसते पाय, कधी शब्द, कधी अभिनय. ऐकणाऱ्याला धक्का बसत नाही आणि कंटाळाही येत नाही.

हे नाचायच्या कोण? दरबारातल्या देवदासी. तासन् तासाची ही माळ त्यांनी शरीराने तोलून धरली. ग्रंथावर नाव राजाचं आलं, त्यांची नावं मात्र या मराठी ओळींमध्ये आली नाहीत. ही गोष्ट सरफोजींचं कौतुक करताना विसरून चालत नाही.

याच दरबारात पुढे चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम आणि वडिवेलू हे चार भाऊ नावारूपाला आले. तंजावर चौकडी म्हणून ते प्रसिद्ध आहेत आणि दीक्षितरांचे शिष्य. आज भरतनाट्यमच्या कार्यक्रमात अलारिप्पूपासून तिल्लान्यापर्यंत जो क्रम दिसतो, तो घडवण्याचं श्रेय त्यांना दिलं जातं. त्यांनी प्रत्येक रचनेला वेगळा राग घ्यायची मोकळीक ठेवली, पण कशामागून काय यावं याचा हिशोब पक्का ठेवला.

मग बेंजोवाल्याने यातून काय घ्यायचं?

आपला बेंजो मुळात जपानी. नागोया शहरात 1912 साली मोरिता गोरो यांनी 'ताईशोगोतो' नावाचं वाद्य काढलं. ते भारतात आलं, बुलबुल तरंग झालं आणि महाराष्ट्राच्या रस्त्यावर बेंजो झालं. या वाद्यात चालीच्या तारांसोबत एकाच सुरात घुमत राहणाऱ्या साथीच्या तारा असतात.

इथेच आयरिश बँजो आणि आपला बेंजो वेगळे होतात. आयरिश बँजोला अशी घुमणारी साथ नसते. त्यामुळे तिकडे पहिल्या रीलनंतर दुसरी रील मुद्दाम वेगळ्या पट्टीतली निवडतात. सूर वर सरकला की नाचणाऱ्यांना नवं बळ येतं. आपल्या बेंजोवर तसं केलं तर मागच्या तारा जुनाच सा धरून राहतात आणि सगळं बेसूर वाटतं.

म्हणून नवशिक्यासाठी सरफोजींच्या दरबारची पद्धत जास्त कामाची. सा तोच ठेवायचा. ठेका तोच ठेवायचा. बदल करायचा तो गाण्याच्या जातीत. कोळीगीतानंतर त्याच ठेक्यातली आरतीची चाल, लावणीनंतर त्याच सुरातलं फिल्मी गाणं. पहिलं गाणं ज्या सुरावर संपतं, त्याच्या जवळच्या सुरावर सुरू होणारं दुसरं शोधायचं. आणि दोन्ही गाणी झोपेतून उठवलं तरी वाजतील इतकी पाठ झाल्यावरच जोडायची, कारण पहिल्याच्या शेवटच्या ओळीला डोकं दुसऱ्याच्या पहिल्या सुरावर गेलेलं असतं. हा शेवटचा नियम आयर्लंडमध्येही तोच आहे आणि वागळे इस्टेटमध्येही.

हात बसला, कीबोर्डवाला सोबत आला, की मग पट्टी बदलायचे खेळ.

शेवट

बिशप रेजिनल्ड हेबर 1826 साली तंजावरला आला तेव्हा सरफोजींचं वाचन आणि व्यासंग बघून चकित झाला होता. त्यानंतर सहा वर्षांनी, 7 मार्च 1832 ला सरफोजी गेले. वय 54. गादी त्यांचा मुलगा दुसरे शिवाजी यांच्याकडे आली. 1855 मध्ये ते पुरुष वारसाशिवाय वारले आणि कंपनीने उरलंसुरलं राज्यही खालसा केलं.

गादी संपली. सरस्वती महाल मात्र टिकला आणि 1918 मध्ये सर्वसामान्यांसाठी खुला झाला. तिथे आजही मोडी लिपीतली मराठी कागदपत्रं गठ्ठ्यांनी पडून आहेत. वाचणारे कमी आहेत, कारण तंजावरात मराठी वाचणारे मोजके आणि महाराष्ट्रात मोडी वाचणारे मोजके.

'कोर्व्यांचे साहित्याचे जिन्नस' या ग्रंथालयानेच पुढे छापून प्रसिद्ध केलं. म्हणजे चाली कशा ओवायच्या याचं दोनशे वर्षांपूर्वीचं पुस्तक आपल्या भाषेत उपलब्ध आहे. मैफलीवाल्यांनी ते वाचावंच, पण मिरवणुकीत चार तास न थांबता वाजवणाऱ्या पोरांचाही त्यावर तेवढाच हक्क आहे.