आपला पिनकोड आणि कापरेकर गुरुजी

आपल्या मेंटेनन्सच्या पावतीवर ‘सांगली ४१६४१६’ छापलेलं असतं. इतकी वर्षं आपण ती घेतो, पण त्या आकड्याकडे कोण कशाला बघतंय! आज जरा बघा. सहा अंकांची बेरीज होते २२. आता ४१६४१६ ला २२ ने भागा. उत्तर १८,९२८, बाकी शून्य! आपल्याच अंकांच्या बेरजेने पूर्ण भाग जाणाऱ्या संख्येला ‘हर्षद’, म्हणजे आनंद देणारी संख्या म्हणतात. माझी सगळी नोकरी झाली त्या साताऱ्याच्या ४१५००१ ला हे भाग्य नाही. तिथं ११ ने भागल्यावर ४ उरतात.

हे गोड नाव ठेवलं एका शाळामास्तरांनी. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर, जन्म १७ जानेवारी १९०५, डहाणू. आई लहानपणीच गेली. वडील कारकून, त्यांना ज्योतिषाची आवड. आकड्यांचा नाद तिथूनच लागला म्हणायचा. ठाण्यात शाळा, मग पुण्याचं फर्ग्युसन. १९२७ साली रँग्लर परांजपे पारितोषिक मिळालं, १९२९ ला पदवी. पदव्युत्तर शिक्षण मात्र झालं नाही. १९३० पासून निवृत्तीपर्यंत, म्हणजे १९६२ पर्यंत, ते देवळालीच्या शाळेत शिकवत राहिले.

शाळा सुटली की त्यांचे आकडे सुरू. १९४९ मध्ये त्यांना ६१७४ सापडला. चार अंकी कोणतीही संख्या घ्या, फक्त चारही अंक सारखे नकोत. अंकांची मोठ्यात मोठी मांडणी करा, त्यातून लहानात लहान वजा करा, आलेल्या उत्तरावर पुन्हा तेच करा. जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत ६१७४ येतोच. त्यांचं जन्मसाल घेऊन बघा : १९०५ ला पूर्ण सात लागतात!

आपल्याकडच्या अनेक विद्वानांनी हा पोरखेळ ठरवला. गुरुजींनी पदरमोड करून पुस्तिका छापल्या. १९७५ साली अमेरिकेत मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये त्यांच्यावर लिहिलं, तेव्हा जगाला हे नाव कळलं. तोवर ते सत्तरीत आले होते. पेन्शन पुरत नव्हती, म्हणून शिकवण्या करत होते. १९८६ साली ते गेले.

हे सगळं मी निवृत्तीनंतर वाचलं आणि एक गोष्ट मनाला लागली. साताऱ्यात माझ्या वर्गात एक मुलगा एसटीच्या तिकिटांवरच्या आकड्यांची बेरीज वहीच्या मागच्या पानावर मांडत बसायचा. मी, गणिताचा मास्तर, ते पान फाडलं. नंतर त्याने कधी मागचं पान उघडलं नाही. आज तो कुठं आहे, ठाऊक नाही.

म्हणून सांगतो, आपल्या सोसायटीतलं एखादं पोर पार्किंगमधल्या गाड्यांचे नंबर मोजत बसलं तर त्याला हाक मारून उठवू नका. शेजारी बसा. कापरेकरांची आणखी एक रीत त्याला दाखवा : संख्येत तिचेच अंक मिळवायचे. सतरा तटांवरून सातारा नाव पडलं म्हणतात ना? मग १७ घ्या, त्यात १ आणि ७ मिळवा.

आले ना आपले रौप्यमहोत्सवी २५!