जे.आर.डी. टाटा

जहांगीर रतनजी दादाभाई टाटा ऊर्फ जे.आर.डी. टाटा (जन्म : पॅरिस, २९ जुलै १९०४, मृत्यू : जिनिव्हा, २९ नोव्हेंबर १९९३) हे भारतीय उद्योगपती, वैमानिक आणि भारतातील नागरी हवाई वाहतुकीचे प्रवर्तक होते. भारतात दिला गेलेला पहिला वैमानिक परवाना त्यांच्या नावावर आहे. टाटा उद्योगसमूहाचे ते १९३८ ते १९९१ अशी अर्धशतकाहून अधिक काळ प्रमुख होते. उद्योगपती म्हणून त्यांच्याविषयी विपुल लिहिले गेले आहे. त्या मानाने १९३० सालच्या आगाखान पारितोषिक स्पर्धेतील त्यांचा सहभाग, जो त्यांच्या स्वभावावर अधिक प्रकाश टाकतो, थोडक्यात उल्लेखिला जातो.

बालपण आणि विमानाचे वेड

जे.आर.डी. यांचे वडील रतनजी दादाभाई टाटा हे जमशेटजी टाटा यांचे नातलग व व्यवसायातील सहकारी होते. आई सुझान ब्रिएर या फ्रेंच होत्या; विवाहानंतर त्यांनी सूनी हे नाव घेतले. कुटुंबाचे वास्तव्य कधी फ्रान्समध्ये तर कधी मुंबईत असल्याने मुलांचे शिक्षण तुकड्यातुकड्यांनी झाले. फ्रान्सच्या उत्तर किनाऱ्यावरील हार्डेलो या गावी टाटा कुटुंब उन्हाळ्यात राहत असे. १९०९ मध्ये विमानातून इंग्लिश खाडी प्रथम ओलांडणारे लुई ब्लेरिओ यांचेही घर तेथेच होते आणि त्यांची विमाने समुद्रकाठच्या वाळूवर उतरत. याच गावी, वयाच्या पंधराव्या वर्षी, जे.आर.डी. प्रथम विमानात बसले.

१९२३ मध्ये आईचे निधन झाले. फ्रेंच नागरिक असल्यामुळे जे.आर.डी. यांना फ्रेंच लष्करात एक वर्ष सक्तीची सेवा करावी लागली. केंब्रिजला जाऊन अभियांत्रिकी शिकण्याची त्यांची इच्छा होती. परंतु वडिलांनी त्यांना मुंबईस बोलावून घेतले आणि १९२५ च्या अखेरीस ते टाटा कंपनीत बिनपगारी उमेदवार म्हणून रुजू झाले. पुढच्याच वर्षी वडीलही वारले. पदवी न मिळाल्याची रुखरुख त्यांना पुढे दीर्घकाळ राहिली.

मुंबईत फ्लाइंग क्लब सुरू होताच जे.आर.डी. यांनी जुहूच्या मैदानावर धडे घेण्यास आरंभ केला. थोड्याच तासांच्या शिकवणीनंतर ते एकट्याने उडू लागले. १० फेब्रुवारी १९२९ रोजी एरो क्लब ऑफ इंडिया अँड बर्मा या संस्थेने त्यांना पहिल्या क्रमांकाचा परवाना दिला. त्याच वर्षी त्यांनी फ्रेंच नागरिकत्व सोडले.

आगाखान पारितोषिक स्पर्धा

हवाई खेळांची परंपरा बलूनपासून सुरू होते. १९०५ मध्ये पॅरिस येथे आंतरराष्ट्रीय हवाई महासंघ स्थापन झाला आणि दुसऱ्याच वर्षी गॉर्डन बेनेट चषकासाठी बलूनची पहिली आंतरराष्ट्रीय स्पर्धा त्याच शहरातून निघाली. विमाने पुरेशी भरवशाची झाल्यावर लांब पल्ल्याच्या विमानस्पर्धांना बहर आला. भारतीयांना त्यात स्थान मिळावे या हेतूने आगाखान यांनी १९२९ च्या अखेरीस ५०० पौंडांचे पारितोषिक जाहीर केले. इंग्लंडहून भारतात किंवा भारतातून इंग्लंडला ठरावीक मुदतीत एकट्याने उड्डाण करणाऱ्या पहिल्या भारतीयास ते मिळणार होते.

स्पर्धेत तिघे उतरले : रावळपिंडीचे मनमोहन सिंग, कराचीत राहणारे अस्पी इंजिनिअर आणि जे.आर.डी. टाटा. अस्पी तेव्हा अवघे सतरा वर्षांचे होते. मार्च १९३० मध्ये आर. एन. चावला यांच्याबरोबर ते भारतातून इंग्लंडला विमानाने गेले होते, पण विमानात दोघे असल्याने ते उड्डाण पारितोषिकास पात्र नव्हते. म्हणून परतीचा प्रवास त्यांनी एकट्याने करण्याचे ठरवले आणि एप्रिलच्या अखेरीस क्रॉयडन सोडले. जे.आर.डी. यांनी उलट दिशा निवडली व ३ मे रोजी कराचीहून उड्डाण केले.

या स्पर्धकांचे जिप्सी मॉथ हे लहान विमान ताशी सुमारे १३० किलोमीटर वेगाने जाई. वैमानिकाचा कक्ष उघडा असे आणि बिनतारी यंत्रणा नसे. होकायंत्र, नकाशा आणि खाली दिसणारी किनारपट्टी, रेल्वेमार्ग वा नदी यांच्या आधारे वाट काढावी लागे. इंजिनातील एखादा किरकोळ भाग निकामी झाला तरी तो मिळेपर्यंत वाळवंटात थांबण्यावाचून इलाज नसे.

नेमके तेच अस्पी यांच्या बाबतीत घडले. ईजिप्तमधील अलेक्झांड्रियाजवळच्या अबुकीर येथे त्यांच्या विमानाचे स्पार्क प्लग निकामी झाले आणि ते नव्या प्लगची वाट पाहत अडकून पडले. जे.आर.डी. तेथे उतरले तेव्हा विरुद्ध दिशेने निघालेला आपला प्रतिस्पर्धी येथे खोळंबला आहे, असे त्यांना आढळले. काही न करता पुढे निघून जाणे नियमांत बसणारे होते. जे.आर.डी. यांनी आपल्याजवळचे जादा प्लग अस्पी यांना दिले. त्याबदल्यात अस्पी यांनी आपले जीवरक्षक जाकीट त्यांना दिले, असे सांगितले जाते. दोघेही आपापल्या दिशेने निघाले. अस्पी ११ मे रोजी कराचीस पोहोचले. जे.आर.डी. यांचे उड्डाण काही तासांच्या फरकाने मागे राहिले आणि पारितोषिक अस्पी यांना मिळाले. मनमोहन सिंग यांना आरंभीच्या प्रयत्नांत दोनदा परतावे लागले होते. अखेर त्यांनी उड्डाण पूर्ण केले, मात्र मुदत उलटून गेल्याने ते बाद ठरले.

या यशाचा अस्पी यांना हवाई दलात प्रवेश मिळवताना उपयोग झाला. ते १९६० ते १९६४ या काळात भारतीय हवाई दलाचे प्रमुख होते. मनमोहन सिंग दुसऱ्या महायुद्धात, मार्च १९४२ मध्ये, ऑस्ट्रेलियातील ब्रूम येथील जपानी हल्ल्यात मारले गेले. जे.आर.डी. यांनी आपल्या पराभवाबद्दल कधी खंत व्यक्त केल्याचे आढळत नाही. आपण दिलेल्या प्लगमुळे एका तरुणाचे आयुष्य मार्गी लागले याचे त्यांना समाधानच होते.

टपाल विमानसेवा

रॉयल एअर फोर्समधून निवृत्त झालेले नेव्हिल व्हिन्सेंट यांनी हवाई टपालसेवेची योजना टाटांपुढे मांडली होती. सरकारने अनुदान नाकारले, तरीही दोन पस मॉथ विमानांनिशी सेवा उभी राहिली. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे.आर.डी. यांनी कराचीहून टपालाच्या थैल्या घेऊन उड्डाण केले आणि अहमदाबादमार्गे दुपारी जुहू गाठले. तेथून व्हिन्सेंट यांनी बेल्लारीमार्गे टपाल मद्रासला नेले. अहमदाबादला विमानासाठीचे पेट्रोल बैलगाडीतून आणले गेले होते.

जुहूचे मैदान पावसाळ्यात पाण्याखाली जात असे. अशा वेळी सारा बाडबिस्तरा पुण्यास हलवून येरवडा कारागृहाजवळच्या एका मैदानावरून विमाने चालवली जात. पुणे जिल्ह्याच्या हवाई वाहतुकीच्या इतिहासात या तात्पुरत्या तळाची नोंद क्वचितच घेतली जाते.

पहिल्या वर्षी या सेवेने १५५ प्रवासी नेले आणि सुमारे ६०,००० रुपये नफा मिळवला. तिचीच पुढे टाटा एअर लाइन्स व १९४६ मध्ये एअर इंडिया झाली. व्हिन्सेंट हे १९४२ मध्ये युद्धकाळातील विमानप्रवासात मृत्यू पावले. ८ जून १९४८ रोजी मुंबई-लंडन ही आंतरराष्ट्रीय सेवा सुरू झाली. १९५३ मध्ये कंपनीचे राष्ट्रीयीकरण जे.आर.डी. यांच्या विरोधास न जुमानता झाले. तरी त्यांनी अध्यक्षपद स्वीकारले. विमानातील पडद्यांच्या रंगापासून चहाच्या चवीपर्यंत ते स्वतः लक्ष घालत. १९७८ मध्ये सरकारने त्यांना या पदावरून दूर केले.

उत्तरायुष्य

पहिल्या उड्डाणाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त ऑक्टोबर १९८२ मध्ये, वयाच्या ७८ व्या वर्षी, जे.आर.डी. यांनी लेपर्ड मॉथ या जुन्या विमानातून कराची-मुंबई प्रवास पुन्हा केला. तीस वर्षे पूर्ण झाली तेव्हा, १९६२ मध्येही, त्यांनी असेच उड्डाण केले होते. १९८५ मध्ये आंतरराष्ट्रीय हवाई महासंघाने त्यांना सुवर्णपदक दिले. बलूनच्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धाही याच महासंघाच्या अखत्यारीत होतात. १९८८ मध्ये त्यांना डॅनियल गुगेनहाइम पदक आणि १९९२ मध्ये भारतरत्न हा सर्वोच्च नागरी सन्मान मिळाला.

त्यांच्या पुढाकाराने वा पाठबळाने मुंबईत टाटा स्मारक रुग्णालय (१९४१) आणि टाटा मूलभूत संशोधन संस्था (१९४५) उभ्या राहिल्या. १९३० मध्ये त्यांचा थेल्मा विकाजी यांच्याशी विवाह झाला होता. त्यांना अपत्य नव्हते. जिनिव्हा येथे निधन झाल्यानंतर पॅरिसमधील पेर लाशेज दफनभूमीत त्यांचे दफन करण्यात आले.