अडीचशे सोडून पन्नास

दुसऱ्या कंपनीचे नियुक्तिपत्र हाती पडले, की ते आधी आपल्याच साहेबांच्या टेबलावर ठेवायचे आणि पगारवाढीचा विषय काढायचा, ही रीत ठाणे-कल्याण-डोंबिवलीहून रोज लोकलने मुंबई गाठणाऱ्या नोकरदाराला नवी नाही. बाहेरचा आकडा मोठा असेल, तरच हा डाव साधतो. मात्र शंभर वर्षांपूर्वी एका मराठी पंडितापुढे बाहेरून आलेला आकडा हातच्या रकमेच्या एक पंचमांश होता आणि त्याने तोच स्वीकारला. त्या पंडिताचे नाव आचार्य धर्मानंद दामोदर कोसंबी.

गोव्यातील साखवाळ येथे ९ ऑक्टोबर १८७६ रोजी त्यांचा जन्म झाला. शालेय शिक्षण बेताचेच. 'बालबोध' मासिकात वाचलेल्या बुद्धचरित्राने मात्र या तरुणाच्या मनाची पकड घेतली. १८९९ च्या अखेरीस पत्नी बाळाबाई आणि तान्ही मुलगी यांना मागे ठेवून त्यांनी घर सोडले. पुण्यात डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांची भेट झाली. पुढे काशीत अन्नछत्रात जेवून संस्कृतचे अध्ययन, नेपाळ आणि बोधगयेचा प्रवास, १९०२ मध्ये सिलोनला जाऊन विद्योदय विद्यालयात सुमंगलाचार्यांकडे पालीचा अभ्यास आणि नंतर ब्रह्मदेशातील वास्तव्य, अशी ही खडतर भ्रमंती होती. ज्ञानासाठी घेतलेल्या या वनवासाची किंमत गोव्यात राहिलेल्या कुटुंबानेही मोजली.

१९०६ मध्ये ते कलकत्त्यास आले. तेथील नॅशनल कॉलेजात व पुढे कलकत्ता विद्यापीठात त्यांनी पाली शिकविली. संसाराची घडी बसण्याची चिन्हे प्रथमच दिसू लागली. १९०७ मध्ये पुत्र दामोदर जन्मला. हेच पुढे गणिती आणि इतिहासकार म्हणून जगाला माहीत झालेले डी. डी. कोसंबी. अशा वेळी बडोद्याहून महाराज सयाजीराव गायकवाड यांचा प्रस्ताव आला. महाराष्ट्रातील कोणत्याही शहरी राहावे, ग्रंथलेखन करावे आणि बडोदे सरकारकडून दरमहा ५० रुपये घ्यावेत, असे त्याचे स्वरूप होते. कलकत्त्यात थांबल्यास विद्यापीठाकडून दरमहा २५० रुपये मिळणार होते.

दोन मुलांच्या पित्यासाठी हा फरक लहान नव्हता. परंतु ज्या बुद्धाच्या शोधासाठी घर सोडले, तो आपल्या मराठी माणसांपर्यंत पोहोचवावा, ही तळमळ त्यांना स्वस्थ बसू देईना. कलकत्त्यातील खुर्चीवरून ते साधणारे नव्हते. १९०८ च्या सुमारास त्यांनी विद्यापीठ सोडले आणि पन्नास रुपये पत्करले.

या निर्णयाची फळे लवकरच दिसली. बडोद्यात दिलेल्या व्याख्यानांतून 'बुद्ध, धर्म आणि संघ' हे पुस्तक सिद्ध झाले. हार्वर्ड विद्यापीठाचे प्राध्यापक जेम्स वुड्स यांच्याशी परिचय झाला आणि १९१० मध्ये ते अमेरिकेस गेले. हेन्री वॉरन यांच्या निधनामुळे अपुरे राहिलेले 'विसुद्धिमग्ग' या पाली ग्रंथाचे संपादन पुरे करण्याचे ते काम होते. तेथे प्रा. लॅनमन यांच्याशी श्रेयावरून मतभेद झाले. पगाराच्या आकड्यावर न अडणारे कोसंबी श्रमाच्या श्रेयाबाबत मात्र अडून बसले आणि १९१२ मध्ये मायदेशी परतले.

त्याच वर्षी ते पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात पालीचे प्राध्यापक झाले. १९१८ पर्यंतच्या या काळात पु. वि. बापट, ना. के. भागवत, चिं. वि. राजवाडे यांच्यासारखे विद्यार्थी त्यांच्या हाताखाली तयार झाले आणि महाराष्ट्रात पालीच्या अध्ययनाची परंपरा रुजली. हार्वर्डलाही ते पुन्हा गेले. 'विसुद्धिमग्ग'ची तेथील आवृत्ती अखेर १९५० मध्ये त्यांच्या नावासह प्रसिद्ध झाली. पण ती पाहण्यास ते हयात नव्हते. जून १९४७ मध्ये सेवाग्राम येथे अन्नत्याग करून त्यांनी देह ठेवला होता.

बाहेरचा प्रस्ताव हाती असताना प्रत्येकाने कमी पैसा निवडावा, असे कोणी म्हणणार नाही; घरच्या माणसांचाही त्यावर हक्क असतो. मात्र असा प्रस्ताव आला, की माणसाला नेमके काय हवे आहे, हे उघड होते. कोसंबींना काय हवे होते, हे त्या पन्नास रुपयांनी दाखवून दिले.