कै. नारायण मल्हार जोशी

मुंबईच्या लोअर परळ भागातून जाणाऱ्या ना. म. जोशी मार्गाने आपल्या ज्ञातिबांधवांपैकी कित्येकजण नित्य ये-जा करीत असतात. पूर्वी त्या रस्त्यास डिलाईल रोड म्हणत. ज्यांचे नाव पुढे त्यास मिळाले ते गृहस्थ कोण, असे आम्ही आपल्या संमेलनात काही तरुण मंडळींस सहज विचारले, तेव्हा कोणासही नीटसे उत्तर देता आले नाही. ते आपल्या ज्ञातीत जन्मले नव्हते. मग आपल्या स्मरणिकेत त्यांचे चरित्र कशासाठी, अशी शंका कार्यकारिणीच्या बैठकीतही निघाली होती. तिचे निरसन या लेखाच्या ओघातच व्हावे, अशी आमची इच्छा आहे.

नारायण मल्हार जोशी यांचा जन्म ५ जून १८७९ रोजी त्या वेळच्या कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातील गोरेगाव येथे झाला. (मुंबईच्या उपनगराचे गोरेगाव ते निराळे.) पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून १९०१ साली पदवी घेतल्यावर त्यांनी काही वर्षे शिक्षकाचे काम केले, आणि १९०९ मध्ये नामदार गोखले यांच्या भारत सेवक समाजात प्रवेश केला. त्यानंतर त्यांनी द्रव्यार्जनाचा विचार केला नाही. १९११ साली त्यांनी मुंबईत सोशल सर्व्हिस लीगची स्थापना केली. गिरणगावच्या चाळींतून रात्रीचे वर्ग, वाचनालये, दवाखाने, सहकारी पतपेढ्या अशी कामे लीगने चालविली. यांतच गरिबांना कायद्याचा सल्ला देण्याचे एक काम होते. चरित्रकार त्याचा एका ओळीत उल्लेख करून पुढे जातात. आम्हांस मात्र तेच त्यांच्या पुढील आयुष्याचे बीज वाटते. कामगाराचे नुकसान होते ते पुष्कळदा आपला हक्क कोणता हे त्यास ठाऊक नसल्यामुळे, आणि कित्येकदा तसा हक्क कायद्यातच नसल्यामुळे, हे त्यांना या कामात प्रत्यक्ष दिसले.

१९१९ साली वॉशिंग्टन येथे भरलेल्या पहिल्या आंतरराष्ट्रीय श्रम परिषदेस ते हिंदी कामगारांचे प्रतिनिधी म्हणून गेले. १९२० मध्ये ऑल इंडिया ट्रेड युनियन काँग्रेसच्या स्थापनेत त्यांचा प्रमुख वाटा होता. १९२१ पासून पाव शतकाहून अधिक काळ ते मध्यवर्ती कायदेमंडळात कामगारांची बाजू मांडीत राहिले. तेथे त्यांच्या मागे बहुमत कधीच नव्हते. बाळंतपणाच्या भत्त्याचे त्यांचे विधेयक १९२५ साली फेटाळले गेले. कामगार संघांना कायदेशीर संरक्षण द्यावे, असा ठराव त्यांनी १९२१ मध्ये संमत करून घेतला. त्याचा कायदा व्हावयास १९२६ साल उजाडले. त्यांचे वक्तृत्व सभा गाजविणारे नव्हते, आणि जहाल मंडळी त्यांना मवाळ म्हणून हिणवीत. हा आक्षेप सर्वस्वी निराधार होता, असे आम्ही म्हणणार नाही.

१९२८ सालच्या संपाने त्यांच्या स्वभावाची कसोटी लागली. मुंबईच्या काही गिरण्यांनी कार्यक्षमतेच्या नावाखाली नवी पद्धत आणली होती. दोन माग चालविणाऱ्या विणकराने तीन चालवावे, कताईखात्यात एका माणसाने दोघांचे काम करावे, असा तिचा अर्थ. ज्यास काम राहिले त्याचा घाम वाढला, आणि ज्याचे काम गेले त्यास हिशोब हाती देऊन फाटकाबाहेर काढण्यात आले. बारा-पंधरा वर्षे एका खात्यात राबलेल्या माणसास उद्यापासून येऊ नकोस असे सांगितले, तर त्यास काही देणे लागते, असे तेव्हा कोणताही कायदा म्हणत नव्हता. मालकाचे औदार्य असेल तर दोन पैसे मिळत, नाहीतर कोकणची वाट. सार्वत्रिक संपास जोशींची प्रारंभी अनुकूलता नव्हती. परंतु संप सुरू झाल्यावर त्यांनी गिरणी कामगार युनियनच्या कम्युनिस्ट पुढाऱ्यांसमवेत संयुक्त संप समितीत काम केले. सुमारे दीड लाख कामगार जवळजवळ सहा महिने बाहेर होते. पुढे फॉसेट समितीची चौकशी झाली. कामावरून कमी होणाऱ्यास नोकरीच्या वर्षांच्या प्रमाणात काही रक्कम द्यावी, हा विचार त्या समितीपुढे आला आणि तिने त्याची दखलही घेतली. मात्र तो कायदा झाला नाही.

त्यास आणखी पंचवीस वर्षे लागली. १९५३ साली गिरण्यांत मालाचे साठे तुंबले, कामगारांना घरी बसविण्यात येऊ लागले, तेव्हा केंद्र सरकारने औद्योगिक विवाद कायद्यात दुरुस्ती केली. त्या वेळी श्रमखाते जोशींचे चळवळीतील जुने सहकारी व्ही. व्ही. गिरी यांच्याकडे होते. या दुरुस्तीने वर्षभर सलग नोकरी झालेल्या कामगारास कमी करावयाचे तर एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, आणि नोकरीच्या प्रत्येक पूर्ण वर्षास पंधरा दिवसांचा सरासरी पगार देणे मालकावर बंधनकारक झाले. बारा महिन्यांत २४० दिवस काम भरले की वर्ष सलग धरावयाचे. शेवटी आला त्यास साधारणतः प्रथम कमी करावयाचे, आणि पुन्हा माणसे घ्यावयाची झाल्यास कमी केलेल्यांना आधी विचारावयाचे, हेही त्यात आले. २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेनेही पंधरा दिवसांचे हे प्रमाण सोडले नाही.

जोशी तेव्हा चौऱ्याहत्तर वर्षांचे होते. ३० मे १९५५ रोजी त्यांचे निधन झाले, त्यामुळे या हक्काला लागलेला पहिला मोठा धक्का त्यांना पाहावा लागला नाही. बार्शी लाईट रेल्वे १ जानेवारी १९५४ पासून सरकारने ताब्यात घेतली, तेव्हा कंपनीने आपल्या नोकरांची नोकरी संपविली. त्यांच्या भरपाईचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. धंदाच बंद झाला किंवा दुसऱ्याच्या हाती गेला तर ती नोकरकपात नव्हे, असा निर्णय नोव्हेंबर १९५६ मध्ये लागला. १९५७ साली संसदेस पुन्हा कायदा दुरुस्त करून ही फट बुजवावी लागली.

आता आरंभीची शंका. गेल्या वर्षी आपले एक सभासद एका छापखान्यातून कमी झाले. मशीनवर अकरा वर्षे काम केलेले गृहस्थ. एक महिन्याचा पगार घेऊन, पुढे केलेल्या कागदावर सही करून ते घरी आले. अकरा वर्षांचे पंधरा दिवसांप्रमाणे १६५ दिवस होतात, हे त्यांना ठाऊक नव्हते. आणि लाजेची गोष्ट अशी की, ते आमच्याकडे विवाहेच्छूंच्या यादीत कन्येचे नाव घालावयास आले, तोपर्यंत आम्हीही त्यांना या बाबतीत काही विचारले नव्हते. नेमणूकपत्र, पगाराच्या पावत्या आणि भविष्यनिर्वाह निधीचा उतारा गोळा करून आम्ही त्यांस कामगार आयुक्तांच्या कचेरीत नेले. त्या सहीने त्यांचा हक्क गेला की राहिला, हे अद्याप ठरावयाचे आहे.