सातारच्या राजाचे वकील रंगो बापूजी

रंगो बापूजी गुप्ते हे नाव आपणांपैकी पुष्कळांनी शाळेत ऐकले असेल. पण त्यांच्या आयुष्यातली सुमारे चौदा वर्षे लंडनमध्ये गेली, हे थोड्यांनाच ठाऊक असते. वकील ह्या शब्दाचा अर्थ त्या काळी निराळा होता. राजाच्या वतीने परक्या दरबारी बोलणारा तो वकील. त्यांच्याजवळ ना सनद होती, ना काळा डगला.

शिवाजी महाराजांचे सोबती दादाजी नरसप्रभू देशपांडे ह्यांच्या वंशातले हे रोहिडखोऱ्याचे गृहस्थ. त्यांचे धनी प्रतापसिंह महाराज सातारच्या गादीवर होते. 1819 च्या तहाने इंग्रजांनीच त्यांना राज्य दिले होते. महाराजांनी रस्ते बांधले, शाळा काढल्या. पुढे जहागीरदारांवरील हक्कांवरून मुंबई सरकारशी वाकडे आले आणि मग एकेक आरोप बाहेर पडू लागले.

त्यांपैकी एक आपल्या गोव्याच्या वाचकांना जवळचा वाटेल. महाराज गोव्याचे पोर्तुगीज व्हाइसरॉय दों मानुएल ह्यांच्याशी इंग्रजांविरुद्ध संधान बांधतात, असे म्हटले गेले. डिचोली 1781 मध्ये व पेडणे 1788 मध्ये पोर्तुगीजांकडे गेले; आमोण्यासारखी मांडवीकाठची गावे त्यातच आली. पण त्यानंतर पोर्तुगीजांची मजल फार पुढे गेली नव्हती, आणि 1835 साली तर पणजीत त्यांचे आपसांतच बंड माजले. अशा सत्तेच्या बळावर सातारचा राजा इंग्रजांना हाकलणार, हे खरे मानायला मानण्याची हौसच हवी!

ऑगस्ट 1839 मध्ये गव्हर्नर कार्नाक स्वतः साताऱ्यास आले. दोष कबूल करून सही द्या, गादी राहील, असे त्यांनी सांगितले. महाराजांनी सही दिली नाही. 5 सप्टेंबरला त्यांना पदच्युत करून पुढे काशीस धाडण्यात आले.

मग रंगो बापूजी विलायतेस गेले. पुरावा दाखवा, उघड चौकशी करा, एवढेच त्यांचे मागणे होते. कंपनीच्या भागधारकांच्या सभांत ते उभे राहत, अर्ज छापून वाटत, पार्लमेंटच्या सभासदांना भेटत. त्यांना मित्रही चांगले लाभले. गुलामगिरीविरुद्ध इंग्लंड-अमेरिकेत झटलेले जॉर्ज टॉमसन सातारची बाजू मांडू लागले. साताऱ्याचे माजी रेसिडेंट जनरल ब्रिग्ज व लॉडविक ह्यांनीही महाराजांची बाजू घेतली. लॉडविक तर आरोपांच्या पहिल्या चौकशीत स्वतः बसले होते. आपण सही केलेल्या निष्कर्षाविरुद्ध उभे राहायला धैर्य लागते, आणि ते ह्या इंग्रज सेनाधिकाऱ्याने दाखवले, हे आम्हांला आवर्जून सांगावेसे वाटते.

लूकच्या शुभवर्तमानातील त्या विधवेपुढे अन्यायी न्यायाधीशही अखेर नमला. कंपनी नमली नाही. 1847 साली महाराज काशीत वारले. तरी वकील लंडनमध्येच राहिले, कारण आता दत्तक पुत्राचा हक्क मांडायचा होता. 1848 मध्ये गादीवर बसवलेले भाऊ आप्पासाहेबही वारले आणि दत्तक नामंजूर करून डलहौसीने राज्यच खालसा केले. रंगो बापूजी कर्जात बुडाले होते. 1853 च्या अखेरीस ते परतीच्या वाटेला लागले.

कागदावर ज्याने इतका विश्वास टाकला, त्याच माणसाने 1857 साली साताऱ्यात माणसे व हत्यारे जमवायला घेतली. तलवारीची ही वाट आम्हांला मान्य करवत नाही. पण आधीचे सगळे दरवाजे कोणी लावून घेतले होते, हे विसरून त्यांचा न्याय करणेही बरोबर नाही. कट फुटला. 8 सप्टेंबर 1857 रोजी साताऱ्याच्या गेंडामाळावर सतरा जणांना मारण्यात आले. कोणाला फाशी, कोणाला गोळी, कोणाला तोफेच्या तोंडी. त्यांत रंगो बापूजींचा मुलगा सीताराम होता.

ते स्वतः हाती लागले नाहीत. ठाण्यास एका लग्नघरी पहारा पडला असता म्हाताऱ्या बाईच्या वेषात निसटले, असे सांगतात. पुढे ते कोणालाच दिसले नाहीत.