रेव्हरंड ना. वा. टिळक : उपजीविका, शोध आणि धर्मांतर

फुलामुलांचे कवी म्हणून रेव्हरंड नारायण वामन टिळक आपणांस शालेय वयापासून परिचित आहेत. प्रस्तुत उपघटकात आपण त्यांच्या जीवनक्रमाकडे एका विशिष्ट प्रश्नाच्या अनुषंगाने पाहणार आहोत. अनेक व्यवसाय करून वयाच्या ३३ व्या वर्षी ख्रिस्ती मंडळीत प्रवेश केलेल्या या कवीने आपल्यासोबत काय आणले?

टिळकांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे झाला. लहानपणीच मातृवियोग झाल्यावर ते घर सोडून नाशिकला आले. तेथे गणेशशास्त्री लेले यांच्याजवळ त्यांनी संस्कृत काव्याचे अध्ययन केले. इंग्रजी शिक्षण मात्र अपुरेच राहिले. १८८० मध्ये जलालपूरच्या गोखले घराण्यातील कन्येशी त्यांचा विवाह झाला. याच पुढे स्मृतिचित्रे लिहिणाऱ्या लक्ष्मीबाई होत.

पुढील काळात टिळक एका गावी वा एका कामात स्थिरावले नाहीत. त्यांनी शाळेत शिकविले, कीर्तने केली, पुराणे सांगितली, छापखान्यात खिळे जुळविण्याचे कामही केले. नागपूर येथे अप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने त्यांनी संस्कृत ग्रंथांचे काम केले व ऋषी नावाच्या नियतकालिकाचे संपादन केले. या भटकंतीमागे पोटाची विवंचना होती, तसाच जिज्ञासेचा तगादाही होता. जातिभेद त्यांना असह्य होत चालला होता. एक ईश्वर आणि मानवी बंधुत्व यांवर आधारलेला नवा धर्म स्थापन करावा, असा विचारही त्यांच्या मनात घोळू लागला होता.

अशा मनःस्थितीत नोकरीनिमित्त राजनांदगावकडे जात असता आगगाडीत एका प्रवाशाने त्यांना नव्या कराराची प्रत दिली. त्यातील डोंगरावरील प्रवचनाने त्यांच्या अंतःकरणाची पकड घेतली. अभ्यास व मिशनरींशी पत्रव्यवहार यांनंतर १० फेब्रुवारी १८९५ रोजी त्यांनी मुंबई येथे बाप्तिस्मा घेतला.

या निर्णयाची किंमत त्यांच्याइतकीच, किंबहुना अधिक, लक्ष्मीबाईंना मोजावी लागली. लहानग्या पुत्रासह त्यांना कित्येक वर्षे पतीपासून दूर, नातलगांच्या आधाराने काढावी लागली. पुढे त्या पतीकडे आल्या, तरी धर्माबाबतचा निर्णय त्यांनी आपल्या गतीने घेतला. त्यांचा बाप्तिस्मा १९०० साली झाला. म्हणून या धर्मांतराचा विचार करताना तो एका व्यक्तीचा शोध आणि एका कुटुंबाची होरपळ अशा दोन्ही अंगांनी करावा लागतो.

यानंतरचे टिळकांचे बरेचसे कार्य आपल्या बीड जिल्ह्याला लागून असलेल्या अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) परिसरात झाले. तेथे त्यांनी धर्मशिक्षण देणाऱ्या शाळेत अध्यापन केले. १९१२ पासून ज्ञानोदय पत्राच्या मराठी विभागाचे संपादन केले. तत्पूर्वी मराठी ख्रिस्ती उपासनेतील गीते बव्हंशी इंग्रजी गीतांची भाषांतरे असत. चाली परक्या, आणि शब्दक्रम चालीसाठी ओढाताण केलेला. टिळकांनी तेथे अभंग, ओवी आणि कीर्तन आणले. ज्या ओवीची परंपरा आपल्या अंबाजोगाईशी निगडित असलेल्या मुकुंदराजांपर्यंत मागे जाते, त्याच छंदात त्यांनी ख्रिस्तायन हे ख्रिस्तचरित्र आरंभिले. ते त्यांच्या निधनानंतर लक्ष्मीबाईंनी पूर्ण केले.

येथे त्यांच्या पूर्वायुष्याचा अर्थ उलगडतो. लेलेशास्त्र्यांकडील अध्ययनाने त्यांना शब्दसंपदा दिली, कीर्तनाने श्रोत्यांची नाडी ओळखायला शिकविले, तर नियतकालिकाच्या कामाने संपादनाची शिस्त दिली. वरवर विस्कळीत दिसणारी ही उमेदवारी नव्या मंडळीत उपयोगी पडली. टिळकांनी धर्म बदलला. भक्तीची भाषा मात्र तुकोबांचीच राखली.

तथापि मंडळीतही ते शोधकच राहिले. मिशनच्या चौकटीत भारतीय ख्रिस्ती मनाची वाढ खुंटते, असे वाटून त्यांनी १९१७ मध्ये मिशनचे वेतन सोडले आणि बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांना एकत्र आणणारा देवाचा दरबार स्थापन केला. ९ मे १९१९ रोजी मुंबई येथे त्यांचे निधन झाले.

स्वयंअध्ययनासाठी प्रश्न : धर्मांतरानंतरही टिळकांच्या काव्यभाषेत टिकून राहिलेले घटक कोणते, ते त्यांच्या पूर्वायुष्याच्या आधारे स्पष्ट करा.